इंजिनास जोडलेला भाता

चूल पेटविणारी गृहिणी लांकडें रचून स्वस्थ बसत नाहीं. ती फुंकणी हातीं घेते. लांकूड तेंच असतें, चूलहि तीच असते. परंतु फुंकणींतून चार श्वास गेले कीं धुमसणारें लांकूड भडकून उठतें. लोहाराचा भाता हेंच काम मोठ्या प्रमाणावर करतो. मोटारीचें इंजिन ही देखील अखेर एक चूलच आहे, आणि तीस अधिक हवा पुरविली तर तिच्यांत अधिक पेट्रोल जाळतां येईल, ही कल्पना जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. त्याची मौज अशी कीं तो ओढावयास माणूस लागत नाहीं. चुलींतून निघणारा धूरच तो ओढतो.

इंजिनांतून बाहेर पडणारा जळका वायु जोराच्या चालींत आठशें-नऊशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेला असतो. साध्या मोटारींत तो धुराड्यावाटे वायां जातो. टर्बोचार्जरमध्यें त्यास वाटेंत अडवून एका लहान चक्रावर सोडतात. त्या चक्राच्या आंसाच्या दुसऱ्या टोकास दुसरें चक्र असतें; तें बाहेरची हवा ओढतें, दाबतें आणि इंजिनांत लोटतें. लहान मोटारीच्या टर्बोचार्जरांतील आंस भरांत आला म्हणजे मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो. इतक्या वेगानें फिरणाऱ्या आंसास बहुतेक टर्बोचार्जरांत टेकू असतो तो तेलाच्या एका पातळ थराचा. त्या थरावर तो अक्षरशः तरंगत असतो. ह्या तेलाची आठवण ठेवावी. पुढील बऱ्याच दुःखाचें मूळ तेंच आहे.

स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी ह्या इंजिनिअरानें ह्या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. १९१८ मध्यें अमेरिकेंतील सॅनफर्ड मॉस ह्यांनीं विमानाचें एक इंजिन चौदा हजार फुटांहून उंच अशा पाइक्स पीक पर्वतावर नेलें, आणि तेथील विरळ हवेंतहि टर्बोचार्जरच्या योगें त्याचा जोम टिकतो हें दाखवून दिलें. पुढें जहाजांनीं, विमानांनीं व मालमोटारींनीं त्याचा स्वीकार केला. घरगुती मोटारींत मात्र तो १९६२ मध्यें आला. त्या वर्षीं ओल्ड्समोबिल कंपनीनें 'जेटफायर' नांवाची मोटार काढली. तिचें इंजिन २१५ घन इंचांचें, म्हणजे सुमारें साडेतीन लिटरांचें, आणि शक्तिहि २१५ अश्वशक्ति. घन इंचास एक घोडा हा हिशेब त्या काळीं मोठ्या अभिमानाचा होता. परंतु इंजिनांत ठोके पडूं नयेत म्हणून ह्या मोटारीस निर्मळ पाणी आणि मेथिल अल्कोहोल ह्यांचें मिश्रण एका बाटलींतून पाजावें लागे. मालक बाटली भरण्यास विसरूं लागले. बाटली रिकामी झाली कीं एक झडप मिटून भात्याचा जोर आपोआप बंद पडे, आणि मालक तक्रार घेऊन दुकानांत येई. अखेर १९६५ मध्यें कंपनीनें टर्बोचार्जर काढून त्याच्या जागीं साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची व्यवस्था केली. नकाशे काढणारे शेंकडों लोक आणि प्रयोगशाळा पदरीं असलेल्या कारखान्याची ही गत झाली. तेंच काम एखादा गृहस्थ आपल्या घरामागच्या गॅरेजांत, शनिवार-रविवारच्या सुटींत, जन्मांत प्रथमच करावयास घेतो, तेव्हां काय होत असेल?

असे गृहस्थ अमेरिकेंत व इंग्लंडांत थोडेथोडके नाहींत. त्यांचें एक आवडतें वाहन म्हणजे १९८९ मध्यें निघालेली माझ्दा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेंत तिला मियाटा म्हणतात. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनानें टनाहूनहि हलकी अशी ही गाडी वळणांवर जितकी चपळ, तितकी सरळ रस्त्यावर बेताची. पहिल्या गाड्यांचें इंजिन १.६ लिटरांचें होतें व अमेरिकेंत विकलेल्या गाडीची शक्ति ११६ अश्वशक्ति होती. गाडी उत्तम पण घोडे कमी, ही मालकांची जुनी कुरकुर. ह्याच कुळांतलें एक इंजिन माझ्दानें आपल्या ३२३ ह्या मोटारींत टर्बोचार्जरसह विकलेलेंहि होतें. मग आपणहि तें कां करूं नये, असें मालकास वाटलें तर त्यांत नवल नाहीं.

कागदावर हिशेब फार सुंदर दिसतो. वातावरणाचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड. टर्बोचार्जरनें त्यांत ७ पौंडांची भर घातली कीं इंजिनांत जवळजवळ दीडपट हवा गेली; दीडपट हवा म्हणजे दीडपट शक्ति. हा हिशेब चुकीचा नाहीं, अपुरा आहे. हवा दाबली कीं तापते. सायकलच्या पंपाचें टोक हातास चटका देतें तें ह्याच कारणानें. तीस अंशांची हवा एवढ्या दाबानें टर्बोचार्जरांतून निघते तेव्हां ऐंशी अंशांच्या आसपास पोहोंचलेली असते, आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणजे मिळवलेलें कांहीं अंशीं गमावलें. म्हणून ती निवविण्यास मोटारीच्या तोंडाशीं इंटरकूलर नांवाची जाळी हवी. जाळीसाठीं नळ्या हव्या, नळ्यांना वळणें हवीं, वळणांना जागा हवी, आणि जागेसाठीं मूळ गाडींतलें कांहीं तरी हलविलें पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या घरांत पाहुणा कायमचा राहावयास आला कीं प्रत्येकास थोडें सरकून बसावें लागतें, तसाच हा प्रकार. पाहुणा शहाणा असतो. भांडण लागतें तें सरकून बसणाऱ्यांत.

पहिला शनिवार बहुधा एका नटापाशींच संपतो. धुराड्याचें जुनें तोंड काढावयाचें असतें, आणि त्याचे स्टड वर्षानुवर्षें तापून-निवून गंजलेले असतात. त्यांवर पातळ तेल सोडून रात्रभर वाट पाहावी हा शहाणपणाचा मार्ग. परंतु हातीं पाना आला म्हणजे धीर धरवत नाहीं. लांब दांड्याचा पाना लावून जोर केला कीं नट फिरल्यासारखा वाटतो, क्षणभर आनंद होतो, आणि मग लक्षांत येतें कीं फिरला तो नट नव्हे, स्टडच मुळाशीं मोडला. मोडलेला तुकडा काढण्यास त्याच्या मधोमध भोंक पाडावें लागतें. हें 'मधोमध' सांगावयास सोपें आहे. मोटारीखालीं उताणें पडून, एका हातांत दिवा व दुसऱ्यांत यंत्र धरून तें साधणें निराळें.

ह्याहून बारीक, आणि म्हणूनच अधिक चीड आणणारी फजिती आट्यांची. टर्बोचार्जरास लागणारें तेल इंजिनांतून घ्यावयाचें, तें बहुधा तेलाचा दाब मोजणाऱ्या यंत्राच्या भोंकांतून घेतात. जपानी गाडीच्या त्या भोंकाचे आटे इंग्रजी पद्धतीच्या पाइपाचे असतात. अमेरिकन बाजारांत मिळणारी जोडणी अमेरिकन पद्धतीची. दोन्हींचें नांव एकच, एक अष्टमांश इंच. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. परंतु एकींत इंचास २८ आटे आणि दुसरींत २७. पहिले दोन फेरे जोडणी निमूट बसते, तिसऱ्यास अडते. आणखी जोर केला तर आटे बिघडतात. तशीच ठेवली तर तापल्यावर तेल ठिबकूं लागतें, आणि तें ठिबकतें नेमकें लाल झालेल्या धुराड्याच्या शेजारीं. योग्य जोडणी टपालानें मागवावी लागते. ती येईपर्यंत गाडी चार खुरांवर उभी, मालक बसनें कामावर, आणि शेजारी कुंपणावरून रोज चौकशीस हजर! पुष्कळांच्या बाबतींत हीच घरांतली एकुलती गाडी असते; आठवड्याचें काम म्हणून घरीं सांगितलेलें असतें, आणि तिसरा आठवडा लागला म्हणजे पानें-पक्कडींपेक्षां घरांतलीं माणसें सांभाळणें अवघड होतें.

तेल आंत नेण्यापेक्षां बाहेर आणणें कठीण. आंत जातांना तें दाबाखालीं जातें; आंसाभोंवतीं फिरून तें फेसाळतें, आणि फेसाळलेलें तेल केवळ आपल्या वजनानें खालीं उतरावयाचें असतें. म्हणून परतीची नळी रुंद हवी, सरळ हवी, सतत उतरती हवी, आणि ती इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यांत तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. ह्या भांड्यास मूळचें तसें भोंक नसतें; तें मालकानें पाडावयाचें. भांडें सोडवावयाचें तर पुढचा सांगाडा खालीं उतरवावा लागतो. तें नको म्हणून बरेच लोक भांडें जागीं ठेवूनच भोंक पाडतात. पात्यास ग्रीस फांसतात, म्हणजे धातूचा कीस त्यास चिकटून राहील. मग थोडें स्वस्त तेल ओतून आंतील उरलेला कीस धुऊन काढतात. ज्या इंजिनाच्या प्रत्येक बेअरिंगास स्वच्छ तेल हवें, त्याच्याच पोटांत आपल्या हातानें धातूचा चुरा पाडण्याचा हा क्षण. ह्या वेळीं यंत्र हातांत धरलेल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो असें म्हणतात.

मग एके रात्रीं इंजिन सुरू होतें. प्रथम धूर होतो, पण तो हातांचे डाग, रंग आणि नळ्यांवर गुंडाळलेल्या पट्ट्या जळण्याचा. पंधरा मिनिटांत तो ओसरतो. त्यानंतरहि धुराड्यांतून निळसर धूर येत राहिला तर मात्र तें तेल होय. नवशिका म्हणतो, टर्बोचार्जर खराब निघाला. तो काढून दुसरा बसवितो, धूर तसाच. पुष्कळदां दोष परतीच्या नळींत असतो: कोठें तरी ती मुडपलेली असते किंवा आडवी झालेली असते, तेल उतरत नाहीं, आंत तुंबतें आणि वाट मिळेल तेथून गळतें. बिचाऱ्या टर्बोचार्जराकडे बोट दाखवून लोकांनीं किती चांगलीं यंत्रें फेकून दिलीं असतील, देव जाणे.

दुसरी तक्रार उलटी. यंत्र फिरतें, शीळ घातल्यासारखा आवाजहि येतो, परंतु दाबाचा कांटा सातावर जाण्याऐवजीं तिनावर रेंगाळतो. दाबलेली हवा कोठें तरी निसटत असते. येथें उपाय फार साधा, आणि आपल्या गल्लींतल्या पंक्चरवाल्यास ठाऊक असलेला: हवेच्या वाटेचें तोंड बंद करून तींत पंपानें हवा भरावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी सोडावें. जेथें बुडबुडे, तेथें चोर. बहुधा तो रबरी नळीच्या एखाद्या पट्टींत सांपडतो. चार दिवस इंजिनाच्या मेंदूवर संशय घेऊन झाल्यावर पट्टीचा एक स्क्रू आवळून प्रश्न सुटला म्हणजे आनंद व्हावा कीं लाज वाटावी, हें त्या माणसास कळत नाहीं.

एवढ्या सर्व गोष्टी त्रासदायक असल्या तरी त्यांनीं इंजिन मरत नाहीं. इंजिन मरतें तें ठोक्यांनीं. सिलिंडरांत ठिणगी पडली कीं ज्योत एका जागेपासून सर्वत्र पसरत जाते, आणि त्या पसरण्यास कांहीं क्षण लागतात. हवा फार दाबली गेली व फार तापली, तर ज्योत पोहोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतलें उरलेलें मिश्रण आपण होऊन एकदम पेट घेतें. डब्यांत खडे खुळखुळावे तसा आवाज होतो. चुलीच्या ज्योतीनें भांडें तापतें. हा प्रकार भांड्यावर हातोडा मारण्याचा आहे. थोड्याच वेळांत दट्ट्याच्या कड्यांमधल्या पातळ भिंती तुटतात, आणि मग दुरुस्ती नव्हे, नवें इंजिनच. मियाटाच्या १.६ लिटरांच्या इंजिनांत मूळचाच दाबाचा अंक ९.४ आहे, म्हणजे दट्ट्या मिश्रणास सुमारें साडेनऊपट आवळतो; त्यावर भात्यानें आणखी हवा कोंबली तर सावधगिरीस जागा थोडीच उरते.

ह्यावर उपाय दोन: ठिणगी थोडी उशिरां पाडावी, आणि पेट्रोल थोडें जास्त द्यावें, कारण वाफ होणारें जादा पेट्रोल मिश्रणास निववितें. साध्या चालींत पेट्रोलच्या एका भागास वजनानें १४.७ भाग हवा हें प्रमाण योग्य. भाता जोरांत असतां तें सुमारें १२ किंवा त्याहूनहि खालीं आणावें लागतें. परंतु हें मोटारीस सांगणार कोण? जुन्या मियाटांत हवा मोजण्यास एक फडकी असते. हवेच्या ओढीनें ती उघडते आणि किती उघडली त्यावरून इंजिनाचा मेंदू पेट्रोल सोडतो. फडकी एकदां पुरी उघडली कीं त्यापुढें किती हवा गेली तें तिला कळत नाहीं. मेंदूस वाटतें सारें ठीक आहे. तो जुन्याच हिशेबानें पेट्रोल वाढतो, आणि नेमकें जेव्हां जास्त हवें तेव्हां कमी पडतें. बरें, धुराड्यांतील मूळची सूक्ष्म मोजणी केवळ १४.७ च्या आसपासच खरें बोलते. त्याखालीं सारखेंच उत्तर देते. ज्यास हें ठाऊक नसतें तो माणूस आंधळेपणानें गाडी हांकीत असतो, आणि ती पूर्वीपेक्षां जोरांत पळते म्हणून खुशींतहि असतो.

पूर्वी लोक ह्यावर पेट्रोलचा दाब वाढविणारी एक यांत्रिक झडप बसवीत. तिनें काम भागे, पण जेमतेम. २००१ मध्यें ब्रूस बॉलिंग व अल ग्रिपो ह्या दोघां अमेरिकनांनीं 'मेगास्क्वर्ट' नांवाचा, घरीं सुटे भाग डाख देऊन जुळविण्याजोगा मेंदू प्रसिद्ध केला, तेव्हांपासून सामान्य माणसासहि पेट्रोल आणि ठिणगी ह्यांचें कोष्टक स्वतः लिहितां येऊं लागलें. फडकीऐवजीं तो नळींतला दाब मोजतो. परंतु कोष्टक लिहितां येणें आणि बरोबर लिहिणें ह्यांत अंतर आहे. शेंकडों चौकोन भरावयाचे, प्रत्येकांत एक अंक, आणि कोणत्याहि एका चौकोनांतील चूक तेवढ्याच वेगास, तेवढ्याच दाबास प्रकट होणार! ठोके ऐकण्यास कांहीं जण इंजिनास तांब्याची नळी लावून तिला रबरी नळी जोडतात व तिचें टोक कानाशीं धरतात. डॉक्टर छाती तपासतो तशीच ही तपासणी. खरें म्हणजे मेंदू आणि मोजणीचीं यंत्रें आधीं बसवून, साध्या इंजिनावर कोष्टक नीट करून, मगच टर्बोचार्जर जोडावा. कोणीहि जाणता हेंच सांगेल, आणि जवळजवळ कोणीहि नवशिका तें ऐकणार नाहीं. कारण टर्बोचार्जर दिसतो, शीळ घालतो, आणि कोष्टक दिसत नाहीं.

लहानसहान गोष्टी किती! दाबाखालीं हवा दाट झाली कीं प्लगची ठिणगी विझूं पाहते. म्हणून त्याच्या टोकांतील अंतर १.१ मिलिमीटरवरून ०.७ च्या आसपास आणावें लागतें. हें ठाऊक नसलेला माणूस इंजिन ठेचकाळतें म्हणून पेट्रोलचें कोष्टक पुन्हां पुन्हां खोडीत बसतो. फाजील वायूस वाट देणारी वेस्टगेट नांवाची झडप, म्हणजे ह्या धरणाचा सांडवाच, तिची बारीक नळी चुकीच्या जागीं जोडली तर सांडवा उघडतच नाहीं आणि दाब चढतच जातो. क्लच पूर्वीच्या घोड्यांपुरता असतो, तो घसरूं लागतो.

आपल्याकडेहि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पाठीवर 'टर्बो' अशीं अक्षरें मिरविणाऱ्या मोटारी आज पुष्कळ दिसतात, आणि तो एक सुटा दागिना आहे, बाजारांतून आणून कोणत्याहि गाडीस घालतां येईल, असा समज होणें स्वाभाविक आहे. त्या मोटारींत दट्ट्ये, तेलाची वाट, पाण्याची वाट, मेंदू हें सारें त्या भात्यासाठींच आंखलेलें असतें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं न जुळणारे फेरफार करण्यास मनाई करतें. अमेरिकेंतहि सर्वत्र मोकळीक नाहीं. कॅलिफोर्नियांत धुराच्या तपासणीच्या वेळीं इंजिन उघडून पाहतात, आणि मंजुरीचा क्रमांक नसलेला टर्बोचार्जर दिसला कीं गाडी नापास.

इतकें होऊनहि गाडी एक दिवस नीट चालते. महिना दीड महिना गेलेला असतो, हात पोळलेले असतात, खर्च अंदाजाच्या पुढें गेलेला असतो. पहांटे रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरांत पाय दाबला कीं क्षणभर कांहींच होत नाहीं, मग शीळ ऐकूं येते आणि पाठ मागें दाबली जाते. मिश्रणाचा कांटा बारावर स्थिर राहतो. परत आल्यावर मालक इंजिन लगेच बंद करीत नाहीं. मिनिटभर तें मंद चालूं देतो, म्हणजे तापलेल्या आंसाभोंवतीं तेल करपून बसणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं, इंजिन पुरतें थंड झाल्यावर, तो टर्बोचार्जरचे व धुराड्याच्या तोंडाचे सर्व नट पुन्हां एकवार आवळावयास घेतो. तापून-निवून ते सैल होतातच. शर्यतींत गाड्या नेणारे तेवढ्यासाठीं इन्कोनेल ह्या महागड्या मिश्रधातूचे स्टड घालतात. पहिले तीन घट्ट निघतात. चौथा पाव फेरा फिरतो.